चेहरा बदलला की गुन्हाही बदलतो

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा 'हाय अँड लो' हा चित्रपट १९६३ सालचा. स्पाइक लीने २०२५ मध्ये त्यावरून 'हायेस्ट टू लोएस्ट' काढला, तोशिरो मिफुनेच्या जागी डेन्झेल वॉशिंग्टनला उभं केलं, आणि परदेशी गुन्हेगारीपटांच्या हॉलिवूड रिमेकवरचा जुना वाद पुन्हा पेटला. एक बाजू म्हणते, अभिजात कलाकृतीला हात लावायचाच कशाला? मिफुनेची सर येणार आहे का कुणाला? दुसरी बाजू म्हणते, डेन्झेल काय लेचापेचा नट आहे का? शिवाय मूळ चित्रपट कुठे पळून जात नाही, ज्याला हवा त्याने तो बघावा. भांडण तावातावाने चालतं, पण दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे: भूमिका म्हणजे एक रिकामी खुर्ची, आणि प्रश्न फक्त तिच्यावर बसणाऱ्याच्या वकुबाचा.

हे गृहीतकच चुकीचं आहे. गुन्हेगारीपटात पात्रनिवड ही पटकथा लिहून झाल्यावर उरकायची बाब नसते. ती पटकथेतली पहिली दुरुस्ती असते. हा प्रकार एका प्रश्नावर जगतो: समोरचा माणूस कुठल्या थराला जाईल? या प्रश्नाचं अर्धं उत्तर प्रेक्षक चित्रपटगृहात शिरतानाच सोबत घेऊन येतो, कारण तो चेहरा त्याने आधी कुठेतरी पाहिलेला असतो, त्या चेहऱ्याच्या माणसाला समाजात काय खपून जातं आणि काय नाही हे त्याला ठाऊक असतं. चेहरा बदलला की त्या उत्तराचा पाया बदलतो. मग कथेतली प्रत्येक घटना नव्याने तोलावी लागते. ज्या रिमेकने हे तोलण्याचं काम केलं तो उभा राहिला. ज्याने चेहरा बदलून घटना तशाच ठेवल्या किंवा चेहऱ्याला शोभतील एवढ्याच बदलल्या, तो कोसळला. मूळ कृतीशी इमान किती राखलं, हा मुद्दा त्यामानाने फार दुय्यम आहे. (पुढे अनेक चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत. त्यांच्याशिवाय हा युक्तिवाद करता येत नाही.)

'हाय अँड लो'पासूनच सुरुवात करू. मिफुनेचा गोंडो हा बुटांच्या कंपनीतला बडा अधिकारी, पण पोरवयात चामडं शिवण्यापासून वर आलेला. अपहरणकर्ते चुकून त्याच्या मुलाऐवजी ड्रायव्हरच्या मुलाला पळवतात आणि तीन कोटी येन मागतात. रक्कम सात सेंटिमीटरहून जाड नसलेल्या बॅगांत भरायची असते, कारण धावत्या एक्स्प्रेसमधल्या प्रसाधनगृहाची खिडकी तेवढीच उघडते. पोलिसांना बॅगांच्या अस्तरात रसायनाच्या पुड्या लपवायच्या असतात. तेव्हा गोंडो आपली जुनी हत्यारं काढतो, जमिनीवर बसतो आणि स्वतःच्या हाताने ते अस्तर शिवतो. पोलीस भोवती उभे राहून बघतात. वर्षानुवर्षं तलवार घेऊन पडद्यावर गर्जणारा मिफुने मान खाली घालून टाके घालतोय, हे जपानी प्रेक्षकासाठी केवढं असेल! दृश्याची निम्मी ताकद पात्रनिवडीतून आलेली आहे. डेन्झेलला तिथे बसवून अस्तर शिवायला लावलं असतं तर ते नाटकी दिसलं असतं. स्पाइक लीने त्याला संगीतव्यवसायातला मातब्बर केलं. गोंडोची ताकद हातात होती, याची कानात आहे; अपहरण करणाऱ्याचा आवाज तो गाण्यात ओळखतो. चित्रपट सगळाच जमलाय असं माझं मत नाही, पूर्वार्ध तर बराच सैल आहे, पण हा एक बदल नेमक्या जागी केलेला आहे. आणि कुरोसावाने तरी वेगळं काय केलं होतं? त्याने एड मॅकबेनची अमेरिकन कादंबरी घेतली आणि ती जपानी उद्योगाच्या आणि योकोहामाच्या उकाड्याच्या मापाने बेतली. अमेरिकेतून जपानला गेलेली गोष्ट साठ वर्षांनी परत न्यूयॉर्कला आली, तर पावित्र्यभंग नेमका कुठल्या टप्प्यावर झाला?

मूळ चित्रपटांच्या चाहत्यांचा एक लाडका दावा असा की, परदेशी चित्रपटात 'साधे, अनोळखी चेहरे' असतात म्हणून ते खरे वाटतात आणि हॉलिवूड तिथे तारे घालून सगळं बिघडवतं. अनोळखी कुणाला? आपल्याला. २००२ च्या हाँगकाँगच्या 'इन्फर्नल अफेअर्स'मध्ये टोळीत शिरलेला पोलीस झाला आहे टोनी ल्युंग, पोलिसांत शिरलेला गुंड झाला आहे अँडी लाऊ. ऐंशीच्या दशकात हाँगकाँगच्या टीव्हीबी वाहिनीने ज्या पाच तरुण नटांना 'पाच वाघ' म्हणून पुढे आणलं, त्यांतले हे दोघे. वीस वर्षं घराघरांत सारख्याच मायेने पाहिलेले. एकाला खलनायक मानायला तिथला प्रेक्षक तयारच नव्हता, आणि चित्रपटाला तेच हवं होतं. अर्जेंटिनाचा रिकार्दो दारीन हा तिथला सर्वांत लाडका नट. 'द सिक्रेट इन देअर आइज'मध्ये त्याच्या दारुड्या सहकाऱ्याची भूमिका करणारा ग्विलेर्मो फ्रान्सेया हा तर टीव्हीवरचा विनोदवीर.

सर्वांत मासलेवाईक उदाहरण स्वीडनचं. २००९ च्या 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'मध्ये शेवटी खुनी निघतो तो मार्टिन वाँगर. ती भूमिका दिली होती पीटर हाबरला, जो स्वीडिश प्रेक्षकांना १९९७ पासून पोलीस अधिकारी मार्टिन बेक म्हणून परिचित होता. देशाचा आवडता पोलीस खुनी निघतो! ज्याने कुणी ही निवड केली त्याने प्रेक्षकाच्या विश्वासाचाच सापळा लावला. डेव्हिड फिंचरच्या २०११ च्या इंग्रजी आवृत्तीत हीच भूमिका स्टेलान स्कार्सगार्डकडे गेली. नट थोर, पण सुरुवातीला लहानशा वाटणाऱ्या भूमिकेत एवढं मोठं नाव दिसलं की रहस्यपट बघणाऱ्या प्रेक्षकाचं बोट लगेच तिकडे वळतं. अभिनय कमी पडला नाही. चेहऱ्याने उत्तर आधी सांगून टाकलं. त्याच फिंचरने नायिका लिस्बेथच्या भूमिकेसाठी मोठी नावं बाजूला ठेवून तेव्हा फारशी माहीत नसलेल्या रूनी माराचा आग्रह धरला आणि तिथे तो पूर्ण बरोबर ठरला. ही मुलगी पुढच्या क्षणी काय करेल, हे तिच्या चेहऱ्यावरून कळायला प्रेक्षकाकडे काही आधारच नव्हता.

म्हणजे मुद्दा तारा असण्या-नसण्याचा नाही. तारा सोबत काय घेऊन येतो आणि कथा त्याचं काय करते, हा आहे. या कसोटीवर 'द डिपार्टेड' नीट पाहण्यासारखा आहे, कारण दोन्ही बाजू तो आपापल्या पुराव्यासाठी वापरतात. मार्टिन स्कॉर्सेसीचा हा २००६ चा चित्रपट म्हणजे 'इन्फर्नल अफेअर्स'चा रिमेक. मूळ १०१ मिनिटांचा, हा १५१ मिनिटांचा. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा आणि संकलन अशी चार ऑस्कर त्याला मिळाली. पटकथेचा पुरस्कार जाहीर होताना निवेदनात मूळ चित्रपट जपानी असल्याचं सांगितलं गेलं, आणि हाँगकाँगच्या लोकांना ते झोंबलं यात नवल नाही.

पटकथाकार विल्यम मोनाहन बॉस्टनचा. त्याने काय केलं पाहा. हाँगकाँगच्या कथेत दोघांचं दुहेरी आयुष्य ही जवळजवळ धार्मिक शिक्षा आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच अखंड यातनांच्या अवीचि नरकाचा बौद्ध संदर्भ येतो. बॉस्टनमध्ये त्या संदर्भाला मूळ धरायला माती नाही. म्हणून मोनाहनने दुहेरीपणाचं मूळ वर्गात शोधलं. डिकॅप्रिओचा बिली कॉस्टिगन लहानपणी आठवडाभर आईकडे सुखवस्तू वस्तीत आणि सुट्टीला बापाकडे साउथ बॉस्टनच्या आयरिश मोहल्ल्यात वाढलेला. दोन घरं, बोलण्याच्या दोन ढबी. पोलीस मुलाखतीत त्याच्या याच जखमेवर बोट ठेवतात. जो पोरवयापासूनच दोन माणसं होता त्याला टोळीत पाठवणं तर्काला धरून आहे. पोलिसांत शिरलेला मॅट डेमनचा सुलिव्हन याच्या उलट: चकचकीत, तरतरीत, वर चढू पाहणारा, ज्याच्या गुळगुळीत चेहऱ्यावर अमेरिकन प्रेक्षक चटकन विश्वास टाकतो. डेमन केंब्रिजचा आणि मार्क वॉलबर्ग डॉर्चेस्टरचा, दोघेही त्याच परिसरातले. त्यांच्या तोंडची शिवी उसनी वाटत नाही. हे सगळं मूळ चित्रपटात नव्हतं. ते नव्याने घडवलं गेलं, आणि म्हणूनच चाललं.

पण याच चित्रपटात उलट पुरावाही आहे. टोळीचा म्होरक्या सॅम हाँगकाँगमध्ये एरिक त्सांगने केला होता: बुटका, गोलमटोल, हसतमुख, विनोदी भूमिकांसाठी प्रसिद्ध. तो मजेत जेवत असतो आणि भीती वाटते. जॅक निकल्सन आला आणि ती भूमिका फुगली. निकल्सन असल्यावर त्याला दृश्यं हवीत, भाषणं हवीत, आणि वाढलेल्या पन्नास मिनिटांतला मोठा वाटा तिकडे गेला. याची किंमत कुणी मोजली? मूळ चित्रपटात एक दृश्य आहे. टोनी ल्युंग ध्वनियंत्रांच्या दुकानात बसलाय, अँडी लाऊ गिऱ्हाईक म्हणून येतो. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. ल्युंग एक जुनं गाणं लावतो आणि दोघे शेजारी बसून, न बोलता, स्पीकरकडे तोंड करून ते ऐकतात. एकमेकांचा काळ असलेले दोन पुरुष काही क्षण मित्र होऊन जातात. पुढच्या सगळ्या शोकांतिकेचा पाया इथे घातला जातो. 'द डिपार्टेड'मध्ये हे दृश्य नाही. डिकॅप्रिओ आणि डेमन यांच्यात ते समान प्रेम वाटून देणं शक्यच नव्हतं, कारण तोवर एकाला बळी आणि दुसऱ्याला बदमाश ठरवून झालं होतं.

आणि शेवट. हाँगकाँगच्या मूळ शेवटात लाऊ वाचतो. पोलीस म्हणून मानाने उभा राहतो, आणि तेच त्याचं नरकात जगणं. मुख्य भूमी चीनमध्ये हा शेवट चालण्यासारखा नव्हता. तिथल्यासाठी त्याला अटक होते असा वेगळा शेवट चित्रित केला गेला. 'द डिपार्टेड'मध्ये वॉलबर्गचा पोलीस अधिकारी डिग्नम, ज्याच्यासारखं पात्र मुळात नाहीच, येतो आणि सुलिव्हनला गोळी घालतो. बीजिंगच्या सेन्सॉरला जे हवं होतं, ते हॉलिवूडने कुणीही न सांगता केलं. हे कुठून आलं? अमेरिकन स्टुडिओंनी स्वतःवर लादून घेतलेली निर्मितीसंहिता १९३४ पासून कडकपणे पाळली गेली आणि १९६८ मध्ये संपली. गुन्हेगार शिक्षेवाचून सुटता कामा नये, गुन्ह्याबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, हे तिचं सूत्र. नियम गेला, पण सवय राहिली. आणि आज ती सवय सर्वांत जास्त टिकून आहे ती ताऱ्यांच्या करारांत आणि चाचणी-खेळांच्या, म्हणजे प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना दाखवायच्या खेळांच्या, प्रश्नपत्रिकांत.

ही सवय चेहऱ्यामार्फत कशी काम करते, हे 'इन्सोम्निया'त अगदी जवळून दिसतं. एरिक शोल्डब्यर्गचा मूळ नॉर्वेजियन चित्रपट १९९७ चा. ख्रिस्तोफर नोलनचा रिमेक २००२ चा. दोन्हींत रात्र न होणाऱ्या उत्तरेकडच्या गावात मुलीच्या खुनाचा तपास करायला बाहेरून नावाजलेला पोलीस येतो, धुक्यात स्वतःच्या सहकाऱ्याला गोळी घालून बसतो आणि ते लपवू लागतो. मूळ चित्रपटात स्टेलान स्कार्सगार्डचा इंगस्ट्रॉम स्वीडिश आहे. नॉर्वेचे पोलीस तेव्हा एरवी पिस्तूल बाळगत नसत, तो बाळगतो. पुरावा बदलण्यासाठी त्याला खुन्याच्या बंदुकीतून झाडलेली, मांसात शिरलेली गोळी हवी असते. तो गल्लीत एक जिवंत कुत्रा गाठतो आणि त्याला मारतो. नोलनच्या चित्रपटात अल पचिनोला गल्लीत आधीच मेलेलं कुत्रं सापडतं.

हा तपशील वरवर किरकोळ वाटतो, पण सगळा रिमेक त्यात आहे. कारण पुढे बघा. इंगस्ट्रॉमला स्वीडन का सोडावं लागलं? तपासातल्या एका साक्षीदार स्त्रीशी संबंध ठेवल्यामुळे. गाडीत बसलेल्या शाळकरी मुलीच्या मांडीवर त्याचा हात जातो. पचिनोच्या डॉर्मरचं जुनं पाप कोणतं? एका लहान मुलाच्या खुन्याला शिक्षा व्हावी म्हणून त्याने खोटा पुरावा पेरला. एकाचा डाग वासनेचा, दुसऱ्याचा डाग न्यायाच्या अतिरेकाचा. शेवटी इंगस्ट्रॉमला सगळं कळलेली स्थानिक पोलीस अधिकारी त्याच्या पिस्तुलाचं काडतूस, म्हणजे पुरावाच, त्याच्या हवाली करते आणि तो सुटून निघून जातो; डॉर्मर मात्र हिलरी स्वँकच्या तरुण अधिकाऱ्याला सन्मार्गाचा सल्ला देत मरतो. पचिनोचा अभिनय उत्तम आहे, त्या थकलेल्या डोळ्यांखालच्या पिशव्या मी कधी विसरणार नाही. नोलनचा चित्रपटही स्वतःच्या पायांवर उभा आहे, आणि रॉबिन विल्यम्सला खुनी करून त्याने प्रेक्षकाची वर्षानुवर्षांची माया त्याच्यावरच उलटवली, ही निवड हाबरच्या तोडीची. पण डॉर्मरची प्रत्येक पायरी घासून गुळगुळीत केली गेली, आणि ती घासण्याची दिशा एकच होती: हा तारा आहे, याला प्रेक्षकाने शेवटी माफ केलं पाहिजे. मूळ चित्रपटाला प्रेक्षकाची माफी नकोच होती.

यावर नेहमीचं उत्तर येतं की, हा दोष अमेरिकन दिग्दर्शकांचा. मूळ कर्त्याला संधी दिली असती तर? दिली होती. जॉर्ज स्लाउझरने १९८८ मध्ये डच-फ्रेंच 'स्पूरलोस' केला आणि १९९३ मध्ये त्याचाच अमेरिकन 'द व्हॅनिशिंग'. पेट्रोल पंपावरून प्रेयसी नाहीशी झालेला तरुण वर्षानुवर्षं तिचा शोध घेतो. पहिल्या चित्रपटातला अपहरणकर्ता हा रसायनशास्त्राचा शिक्षक, दोन मुलींचा बाप. बेर्नार-पिएर दोनादिउने तो इतका सामान्य केला आहे की अंगावर काटा येतो. तो एकटाच सराव करतो, बेशुद्ध करायला किती वेळ लागेल ते घड्याळ लावून मोजतो, मग स्वतःची नाडी तपासून आकडा टिपून ठेवतो. रिमेकमध्ये जेफ ब्रिजेसने तोच माणूस चमत्कारिक उच्चार आणि हालचालींनी रंगवला. पहिल्या दृश्यापासून कळतं की हा विकृत आहे. सामान्य माणसाच्या भीतीवर उभा असलेला चित्रपट तिथेच संपला. मुळात तो तरुण सत्य कळावं म्हणून गुंगीची कॉफी पितो आणि जमिनीखाली पेटीत जागा होतो. अमेरिकेत कीफर सदरलंडला पुरून ठेवता येईना; त्याला बाहेर काढण्यात आलं. दिग्दर्शक एकच, कथा एकच, पाच वर्षांचं अंतर. बदलले होते चेहरे आणि त्यांच्यावर लावलेला पैसा.

आता दुसऱ्या बाजूचे बळकट मुद्दे. पहिला पैशाचा. 'द डिपार्टेड'चा खर्च सुमारे नऊ कोटी डॉलर होता. एवढी रक्कम अनोळखी चेहऱ्यावर कुणी लावत नाही, आणि त्या पैशाशिवाय चित्रपटच नाही. हे खरं आहे. दुसरा रूपांतराच्या परंपरेचा, आणि मराठी माणसाने तर तो डोळे झाकून मान्य करावा. देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' केलं, पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून १९७५ मध्ये 'ती फुलराणी' केलं आणि भक्ती बर्वेंनी ते उजळलं. लंडनच्या बोलीतला उच्चनीच भाव त्यांनी पुण्या-मुंबईच्या मराठीत शोधला, प्रमाण आणि गावंढळ बोलीच्या दरीत. पण हे उदाहरण रिमेकच्या समर्थकांना वाटतं तितकं त्यांच्या बाजूचं नाही. 'फुलराणी' चाललं ते नवी नटी घेतली म्हणून नव्हे, तर आपल्या समाजातली तीच जखम सापडली म्हणून. जी जखम सापडत नाही तिथे काय होतं?

तिथे २०१५ चा अमेरिकन 'सिक्रेट इन देअर आइज' होतो. हुआन होसे काम्पानेयाचा २००९ चा मूळ चित्रपट सत्तरच्या दशकातल्या अर्जेंटिनात घडतो. दारीनचा एस्पोसितो हा न्यायालयातला कर्मचारी. त्याची वरिष्ठ इरेने उच्चकुलीन, अमेरिकेत शिकलेली. त्यांच्या प्रेमाआड वर्ग उभा आहे. पकडलेला खुनी सरकारच तुरुंगातून सोडवतं, कारण विरोधकांना संपवायला त्याच्यासारखे लोक हवे असतात. मग ते लिफ्टचं दृश्य: एस्पोसितो आणि इरेने लिफ्टमध्ये, दार बंद होताना तो खुनी आत शिरतो, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो, पिस्तूल काढतो आणि सावकाश सज्ज करतो. कुणी एक शब्द बोलत नाही. नागरिक आणि राज्य यांचं नातं त्या बंद डब्यात मांडून होतं. अर्जेंटिनाचा प्रेक्षक हे बघताना आपली त्यानंतरची हुकूमशाहीची वर्षं आठवत असतो.

अमेरिकन आवृत्तीने ही कथा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतरच्या लॉस एंजेलिसमध्ये आणली. खुनी हा दहशतवादविरोधी पथकाचा खबऱ्या म्हणून वाचवला जातो. कल्पना वाईट नव्हती, त्यात धार येऊ शकली असती. पण चिवेटेल एजिओफोर, निकोल किडमन आणि ज्युलिया रॉबर्ट्स अशी तीन मोठी नावं आली आणि कथा त्यांच्यात वाटली गेली. मूळ कथेतला, बायको गमावलेला बँकेतला कारकून गेला. त्याच्या जागी स्वतः तपास अधिकारी असलेली आई आली, म्हणजे रॉबर्ट्स. तो कारकून कामावरून सुटल्यावर रोज रेल्वे स्थानकांत बसून खुन्याची वाट बघायचा, कारण त्याच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. पोलिसाचा बिल्ला असलेल्या आईच्या हातात बरंच काही असतं. असहायता, जी कथेचं इंजिन होती, ती संपली. वर्गाची दरी जाऊन काळा पुरुष आणि गोरी स्त्री असं अंतर आलं, पण पटकथा त्याबद्दल जवळपास मौन बाळगते. हे मौन मला सर्वांत जास्त खटकतं. चेहरे बदलून समाजाचा सगळ्यांत तापलेला प्रश्न पडद्यावर आणायचा आणि मग तो दिसलाच नाही असं वागायचं, याला पात्रनिवडीतलं औदार्य म्हणत नाहीत, लेखनातली हलगर्जी म्हणतात. आणि शेवट पुन्हा तोच रोग: मुळात तो कारकून खुन्याला स्वतःच्या घरात जन्मभर कोंडून ठेवतो, कारण न्यायालयाने जन्मठेप दिली होती आणि राज्याने ती मोडली. अमेरिकेत नायक आईच्या हाती पिस्तूल ठेवून कबर खणायला जातो आणि गोळीचा आवाज येतो. जन्मठेपेबद्दलचा चित्रपट देहदंडाचा झाला.

हेच १९५१ मध्येही घडलं होतं. फ्रिट्झ लांगचा 'एम' १९३१ चा. पीटर लोरचा बालहत्यारा आणि त्याला पकडून स्वतःचं न्यायालय भरवणारे बर्लिनचे गुन्हेगार. बर्लिनमध्ये तेव्हा गुन्हेगारांच्या संघटना खरोखरच मंडळासारख्या चालत, म्हणून ते न्यायालय पटतं. त्याच निर्मात्याने, सेमूर नेबेन्त्सालने, वीस वर्षांनी जोसेफ लोझीकडून लॉस एंजेलिसमध्ये त्याचा रिमेक करवला. शहर सुंदर टिपलं आहे, पण त्या शहरात असं न्यायालय भरेल यावर विश्वास बसत नाही.

राहिला 'मूळ चित्रपट कुठे पळून जात नाही' हा मुद्दा. इतिहासात तो पळून नाही, पळवून नेला गेला आहे. फ्रेंच 'पेपे ल मोको'चे हक्क घेऊन १९३८ मध्ये 'अल्जिअर्स' काढला गेला आणि मूळ चित्रपट अमेरिकन प्रेक्षकापर्यंत १९४१ पर्यंत पोहोचू दिला गेला नाही. एमजीएम स्टुडिओने १९४४ चा 'गॅसलाइट' करताना १९४० च्या ब्रिटिश 'गॅसलाइट'च्या प्रती नष्ट करण्याचा प्रयत्न केला. आज कुणी प्रती जाळत नाही, आणि सबटायटल्स वाचणारा प्रेक्षकही वाढला आहे. पण 'इन्फर्नल अफेअर्स' अमेरिकेत लागला तो २००४ मध्ये, मोजक्या पडद्यांवर; दोन वर्षांनी त्याची इंग्रजी आवृत्ती सगळीकडे होती. जगातल्या बहुतेकांच्या डोक्यात आता ती कथा बॉस्टनची आहे. म्हणूनच नव्याने सांगणाऱ्यावर ती जबाबदारीने सांगण्याचं ओझं जास्त आहे.

बिघाड होतो तो कामाच्या क्रमात. हक्क ठरावीक मुदतीसाठी घेतले जातात. मुदत संपण्याआधी पैसा उभा करायचा असतो, म्हणून पटकथेचा पहिला खर्डा तयार होण्याआधीच नट जोडला जातो. त्याच्या नावावर परदेशातले वितरणहक्क आगाऊ विकले जातात. आता नट पक्का आणि कथा कच्ची. मग लेखकाला सांगितलं जातं की मूळ कथा आहेच, फक्त बेतून घ्या. चाचणी-खेळात प्रेक्षकांना लाडक्या नटाचं मरण आवडत नाही, शेवट पुन्हा चित्रित होतो. २०१३ च्या अमेरिकन 'ओल्डबॉय'मध्ये बलदंड जॉश ब्रोलिन आला, आणि मूळ कोरियन चित्रपटातला चोई मिन-सिकचा तो ढेरपोट्या, दारुडा, मारामारी करताना मध्येच धापा टाकत थांबणारा कारकुनी माणूस हरवला. वर चित्रपटाला स्टुडिओची कात्री लागली ती वेगळीच. हा क्रम उलटा करता येतो: आधी विचारा की हा गुन्हा आपल्या समाजात कोण करेल, कोणाला तो लपवावा लागेल, आणि कोणाला लपवायची गरजच पडणार नाही. मग चेहरा शोधा.

निशिकांत कामतने हे आपल्याकडे करून दाखवलं. २०१३ च्या मल्याळम 'दृश्यम'चा हिंदी अवतार त्याने २०१५ मध्ये गोव्यात आणला. अजय देवगण चार वर्षांपूर्वी 'सिंघम'मध्ये याच गोव्यात पोलीस म्हणून गुंडांना कानफटवत होता. इथे कमलेश सावंतच्या गायतोंडेकडून तो स्वतः मार खातो आणि हात उचलत नाही. आधीच्या प्रतिमेची सगळी ताकद त्या न उचललेल्या हातात एकवटते. आता 'दृश्यम'च्या हॉलिवूड आवृत्तीची घोषणा झाली आहे आणि लोक नावं सुचवू लागले आहेत. नाव हा शेवटचा प्रश्न आहे. मूळ कथेत पोलीस घरात घुसतात, लहान मुलीलाही मारतात, आणि कुटुंबाला वकील सुचत नाही, कारण त्यांच्या जगात वकिलाने काही फरक पडत नसतो. अमेरिकेत १९६६ च्या मिरांडा निकालानंतर अटकेतल्या संशयिताला चौकशीआधी गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगावा लागतो. तिथलं मध्यमवर्गीय गोरं कुटुंब पहिल्या अर्ध्या तासात फोन उचलेल आणि चित्रपट संपेल. मग फोन कोण उचलणार नाही? कागदपत्रं नसलेलं, हद्दपारीच्या भीतीत जगणारं कुटुंब, ज्याच्यासाठी पोलीस ठाण्याचा उंबरठा हाच धोका आहे. केबल जोडणारा बाप, दोन मुली, ग्वातेमाला किंवा होंडुरासहून आलेले. मोठं नाव घ्यायचंच असेल तर ते मुलगा गमावलेल्या पोलीस प्रमुखाच्या भूमिकेत घ्या. तिचा अधिकार ताऱ्याच्या वजनाने वाढेल, आणि समोरचा बाप सुटणार की नाही हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळणार नाही.